हिरव्या बनातीखालचा दगड
(जुन्या बिलियर्ड टेबलांची ओळख आणि जीर्णोद्धार)

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह झाला आणि आम्ही आमचा विषय कळविला, तेव्हा संपादक मंडळाच्या बैठकीत क्षणभर शांतता पसरली. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत बिलियर्डच्या टेबलाचे काय काम? ती शंका रास्तच होती. आपल्या मंडळाच्या खोलीत कॅरम आहे, बुद्धिबळाचे पट आहेत; बिलियर्ड हा मात्र साहेबाच्या क्लबातला, पंख्याखाली आणि पडद्याआड चालणारा खेळ, अशीच आपल्या पिढीची समजूत. तरीही हा विषय आम्ही सोडला नाही, त्याला दोन कारणे आहेत. आज जगभर लक्षावधी लोक खेळतात तो स्नूकर नामक खेळ नियमबद्ध झाला तो आपल्या म्हैसूरपासून अवघ्या सव्वाशे किलोमीटरांवर, उटी येथे. आणि दरवर्षी मे महिन्यात मुलाबाळांसह उटीला जाणाऱ्या आम्हां मंडळींपैकी फारच थोड्यांना याची वार्ता आहे. दुसरे असे की, त्या काळची टेबले या परिसरातील बंगल्यांतून, क्लबांतून अद्याप धूळ खात पडलेली सापडतात, आणि ओळख नसल्यामुळे ती मोडीत निघतात. एक टेबल मोडीत निघते, तेव्हा लाकूड, दगड, रबर, कापड, पितळ, हस्तिदंत आणि चामडे अशा सात पदार्थांत नोंदला गेलेला शंभर वर्षांचा इतिहास त्याबरोबर जातो. म्हणून हा लेखनप्रपंच.

१७९९ ते १८८२

म्हैसूरच्या इतिहासात १७९९ या वर्षाचे महत्त्व सांगावयास नको. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू धारातीर्थी पतन पावला आणि पाच वर्षांचे मुम्मडी कृष्णराज वडेयर गादीवर आले. नेमक्या त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन थर्स्टन नावाच्या एका सुताराने सामान बनविण्याचा कारखाना काढला. या दोन घटनांचा परस्परसंबंध काहीच नाही. परंतु पुढील शतकात इंग्रजी सत्ता जेथे जेथे गेली तेथे तेथे जे टेबल गेले, ते मुख्यत्वे या थर्स्टनच्या कल्पकतेतून घडलेले होते.

बिलियर्ड हा मुळात युरोपातील हिरवळीवर खेळावयाचा खेळ. थंडीपावसामुळे तो घरात आला, टेबलावर चढला, आणि हिरवळीची आठवण म्हणून टेबलावर हिरवी बनात अंथरली गेली, असे या खेळाचे इतिहासकार मानतात. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्या पदरी असे टेबल होते. परंतु त्यानंतर साडेतीनशे वर्षे टेबलाचा तळ लाकडाचाच राहिला. लाकूड ऋतुमानाप्रमाणे फुगते, आटते, वाकते. त्यामुळे चेंडू सरळ जाईल याची हमी नसे. थर्स्टनने १८२६ साली लाकडाऐवजी पाटीचा दगड वापरला. आपण शाळेत ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरविली तोच हा दगड. मात्र दीड-दोन इंच जाडीचा आणि गुळगुळीत केलेला. १८३५ साली त्याने कडांना रबर लावले. त्यापूर्वी कडांमध्ये कापडाच्या पट्ट्या आणि तत्सम भरण असे. पण कच्चे रबर थंडीत दगडासारखे होई. ते ऊन करण्यासाठी खेळापूर्वी गरम पाण्याची भांडी कडांना लावून ठेवीत. गंधकाच्या योगाने रबर पक्के करण्याची युक्ती सापडल्यावर १८४५ साली थर्स्टनने तशा कडांचे पेटंट घेतले, आणि ही अडचण दूर झाली. त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, फ्रान्समधील मँगो नामक एका कैद्याने काठीच्या टोकाला चामड्याची टिकली बसविली होती. दगड, रबर आणि टिकली हे तीन शोध एकत्र आले तेव्हा आधुनिक बिलियर्ड जन्मास आला. या तिहींपैकी एकही शोध राजदरबारी लागला नाही. एक सुतार आणि एक बंदिवान यांचे हे कर्तृत्व आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते.

भारतात ही टेबले लष्करी छावण्यांबरोबर आली. १८७५ साली जबलपूर येथे डेव्हनशायर रेजिमेंटच्या अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी होता. (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले गृहस्थ ते हे नव्हेत.) पावसाळ्याच्या दिवसांत ही मंडळी 'ब्लॅक पूल' हा पैजेचा खेळ खेळत. त्यात आणखी रंगीत चेंडू मिळवून चेंबरलेनने नवा खेळ रचला. वुलिच येथील लष्करी विद्यालयात नवशिक्या विद्यार्थ्याला 'स्नूकर' म्हणत, असे एका पाहुण्याकडून त्याला समजले होते. एका खेळाडूचा सोपा फटका चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला याच नावाने हिणविले. आणि मग, या खेळात आपण सगळेच स्नूकर आहोत, अशी सारवासारव केली. ते नाव खेळाला चिकटले. पंधरा तांबडे, एक पिवळा, एक हिरवा, एक गुलाबी आणि एक काळा असा मूळचा संच होता. निळा व तपकिरी हे चेंडू मागाहून आले.

अफगाण युद्धात जखमी झाल्यानंतर चेंबरलेन मद्रास सैन्याचे सरसेनापती सर फ्रेडरिक रॉबर्ट्स यांच्या पदरी आला. उटी ही मद्रास सरकारची उन्हाळी राजधानी. तेथे १८४१ मध्ये स्थापन झालेल्या उटी क्लबात हा खेळ रुजला आणि १८८२ साली त्याचे नियम लिहून बिलियर्डच्या खोलीत लावण्यात आले. इंग्रजांनी म्हैसूरचे राज्य दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या हाती परत दिले ते १८८१ च्या मार्च महिन्यात. म्हणजे आपल्या शहरात पुन्हा राजाचा कारभार सुरू होऊन जेमतेम वर्ष लोटले होते. उटी येथील फर्नहिल हे म्हैसूरच्या महाराजांचे उन्हाळी निवासस्थान. म्हैसूर आणि निलगिरी यांमधील ये-जा ही अशी केवळ प्रवाशांची नव्हती. दोन्हीकडील चालीरीती, सामानसुमान आणि कारागीरही त्या घाटातून ये-जा करीत.

इंग्लंडचा नामांकित खेळाडू जॉन रॉबर्ट्स याने १८८५ साली कलकत्त्यास चेंबरलेनकडून हा खेळ समजावून घेतला आणि तो मायदेशी नेला. पुढे अर्धशतकभर या खेळाच्या जन्मस्थानाविषयी नाना तर्क चालले. अखेर १९३८ साली वृद्ध चेंबरलेनने वर्तमानपत्री पत्र लिहून खुलासा केला आणि पुढच्याच वर्षी कादंबरीकार कॉम्प्टन मॅकेन्झी यांनी त्याला दुजोरा देणारा लेख लिहिला, तेव्हा जबलपूर आणि उटी या दोन नावांवर शिक्कामोर्तब झाले. एखाद्या खेळाचे जन्मस्थान निश्चित व्हावयास त्याच्या जनकालाच साठ वर्षांनी साक्ष द्यावी लागावी, यावरून टिपणे व वस्तू जपून ठेवण्याचे महत्त्व ध्यानी यावे.

टेबल ओळखावे कसे

पूर्ण मापाचे टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद असते. त्याला आठ पाय असतात. तळाशी दगडाच्या पाच लाद्या आणि एकूण वजन एक टनाहून अधिक. अशा वस्तूचे वय आणि कुळ ठरविताना घाई करू नये. आमच्या अनुभवाने पुढील क्रम उपयोगी पडतो.

प्रथम नावाची पट्टी पाहावी. चौकटीवर किंवा कडेवर हस्तिदंताची अथवा पितळेची लहानशी पट्टी असते. लंडनच्या थर्स्टनखेरीज १८३६ साली स्थापन झालेल्या बरोज अँड वॉट्स या कारखान्याची टेबले भारतात बरीच आली. कलकत्त्याच्या लॅझरस कंपनीनेही येथल्या हवामानास साजेशी टेबले बनविली. परंतु केवळ पट्टीवर विश्वास टाकू नये. पट्टी दोन स्क्रूंवर बसलेली असते. ती एका टेबलावरून काढून दुसऱ्यावर लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरे, लाकूड पाहावे, आणि तेही वरून नव्हे तर खालून. वरचा भाग पॉलिशने झाकलेला असतो; चौकटीच्या पोटात लाकूड आपले खरे रूप दाखविते. महोगनी असेल तर टेबल बहुधा समुद्रापलीकडून आलेले. साग किंवा शिसवी असेल तर ते येथे घडलेले, किंवा येथे दुरुस्त झालेले. त्यानंतर पाय पाहावेत. कातीव, पन्हळी पाडलेले, चौकोनी निमुळते असे पायांचे नमुने काळानुसार बदलत गेले. कातारी एकाच हाताने आठही पाय उतरवी. म्हणून एखाद्या पायाचे कंगोरे इतरांशी जुळत नसतील तर तो पाय नंतरचा, हे निश्चित समजावे.

तिसरी खूण सर्वांत विश्वासार्ह, पण सर्वांत दुर्लक्षित. मूळ कारागीर सुट्या भागांवर रोमन आकडे किंवा ठसे कोरून ठेवीत, म्हणजे जहाजातून उतरल्यावर जोडणाऱ्याला कोणता भाग कोठे बसवावा हे कळावे. चौकटीचा चार आकड्याचा सांधा चार आकड्याच्याच पायावर बसला पाहिजे. हे आकडे जुळले तर टेबल एकसंध. न जुळले तर दोन टेबलांतून एक झालेले.

चौथे, कडा आणि खिसे. इंग्लंडमधील बिलियर्ड संघटना १८८५ साली स्थापन झाली आणि १८९२ मध्ये खिशांच्या तोंडाचे प्रमाण माप ठरले. त्यापूर्वीच्या टेबलांचे खिसे निरनिराळ्या मापांचे आढळतात. खिशाची कमान त्या मापाशी जुळत नसेल तर टेबल जुने असण्याचा संभव. मात्र नंतर कोणी कडा कापल्या नाहीत ना, याची खात्री करून घ्यावी.

आणि पाचवे म्हणजे माणसे. क्लबात गुण मांडणाऱ्या, काठ्या आणि बनात यांची देखभाल करणाऱ्या नोकराला मार्कर म्हणत. टेबलाचा इतिहास क्लबाच्या नोंदवहीत क्वचितच सापडतो. तो मार्करच्या कुटुंबात सापडतो. कोणत्या साली बनात बदलली, कोणत्या साहेबाने काठी आपटून बनात फाडली, हे वडिलांकडून मुलाकडे आलेले असते. आम्ही ज्या ज्या ठिकाणी टेबल पाहण्यास गेलो, तेथे प्रथम मार्करची चौकशी केली आणि कधीही पस्तावलो नाही.

नाण्याचे टेबल

येथे एका उपशाखेचा उल्लेख करणे प्राप्त आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास, विशेषतः १९५० नंतर, अमेरिकेतील उपाहारगृहांतून नाणे टाकून खेळावयाची छोटी पूल टेबले पसरली. आपल्याकडे बिलियर्डचे पैसे तासावर किंवा डावावर घेण्याची रीत असल्याने त्यांचा प्रसार फारसा झाला नाही. परंतु नाण्याच्या यंत्रांची ओळख आपल्याला नाही असे नाही. रेल्वे स्थानकावर वजनाबरोबर भविष्य सांगणारे कार्डाचे यंत्र आणि मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलातील गाण्यांची पेटी ही त्याच कुळातील भावंडे होत.

या टेबलाची लांबी बहुधा सात फूट, आणि ते हलविता यावे म्हणून तळाला एकच अखंड दगड. खिशांत पडलेले चेंडू आतील उतरत्या पन्हळींतून एका कुलूपबंद कप्प्यात जमतात. नाणे खाचेत ठेवून पट्टी आत ढकलली की चेंडू सुटतात. खाच रिकामी असेल तर स्प्रिंगची खिट्टी आत अडकते आणि पट्टी पुढे सरकत नाही. योग्य जाडीचे व व्यासाचे नाणे त्या खिट्टीला वर उचलून धरते. यात एक अडचण होती. पांढरा चेंडू चुकून खिशात गेला तर तोही कोंडला जाई आणि खेळ थांबे. म्हणून तो इतरांहून किंचित मोठा, किंवा जड, किंवा पुढे लोहचुंबकाने ओढला जाईल असा बनविण्यात आला, म्हणजे वाटेतील अडसर त्याला ओळखून परत पाठवील. सव्वादोन इंचांच्या चेंडूंत पावणेतीन नव्हे, पण दोन इंच आणि तीन अष्टमांश इंचाचा पांढरा चेंडू सापडला तर त्याचे टेबल नाण्याचे होते असे खुशाल समजावे.

अशा यंत्राचे वय खाच सांगते. इंग्लंडमध्ये दशमान नाणी १९७१ च्या फेब्रुवारीत आली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी. आण्याचे यंत्र नव्या पैशास चालावयाचे तर खाच बदलावीच लागते. म्हणून खाचेची पट्टी नवी आणि भोवतालचा पत्रा जुना दिसला तर तेथे दोन राजवटी एकमेकींस भेटल्या आहेत असे समजावे. जीर्णोद्धार करताना ही यंत्रणा काढून टाकण्याचा मोह होतो. ती बंद ठेवावी, पण काढू नये. नाण्याचे टेबल नाण्याच्या यंत्रावाचून म्हणजे निव्वळ छोटे टेबल.

एक कडप्पा लादी

आता एका प्रत्यक्ष प्रसंगाची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी निलगिरीच्या वाटेवरील एका जुन्या बंगल्याच्या मालकांनी आम्हांस त्यांचे टेबल पाहण्यास बोलाविले. बंगला विकावयाचा होता. टेबलाचे काय करावे हा प्रश्न होता. भंगारवाल्याने लाकडाचा भाव सांगितलाच होता. आम्ही मंडळातले तिघे गेलो. पट्टी लंडनच्या एका नामांकित कारखान्याची होती. चौकट महोगनीची, आकडे जुळत होते, पण दोन पाय सागाचे निघाले. बनात कसरीने खाल्लेली होती. ती उचलली तेव्हा खाली पाच लाद्या दिसल्या. त्यांपैकी चार करड्या आणि टोकाची एक काळसर. ती पाटीच्या दगडाची नव्हती. ती कडप्प्याची होती. आपल्या स्वयंपाकघरातील ओट्याला वापरतो तो कडप्पा.

घरातील वृद्ध स्वयंपाकिणीने खुलासा केला. फार वर्षांमागे टेबल एका खोलीतून दुसरीत नेताना टोकाची लादी पडून तुटली. गावातील पाथरवटाला बोलाविण्यात आले. त्याने खेळ कधी पाहिला नव्हता. तुटलेल्या लादीवर माप घेऊन त्याने कडप्प्याची लादी घडविली आणि दोन्ही कोपऱ्यांच्या खिशांची कमान छिन्नीने कोरून काढली. मूळ लादीचा मोठा तुकडा कोठे गेला, असे आम्ही विचारले. तिने मागील दारी नेऊन दाखविला. त्यावर कपडे धूत होते.

आमच्यांत मतभेद झाला. एक पक्ष असा की, पाटीच्या दगडाची नवी लादी मागवून टेबल मूळ रूपात आणावे. कडप्पा हा व्यंग आहे. दुसरा पक्ष असा की, लादी सपाट असेल आणि बसलेली असेल तर ती हलवू नये. पाणसळ ठेवली. पाचही लाद्या एका पातळीत होत्या. पत्त्याचे पान सरकेल इतकीही फट सांध्यात नव्हती. त्या अज्ञात पाथरवटाने लंडनच्या कारखान्याच्या तोडीचे काम छिन्नी-हातोडीने केले होते. मग वाद उरला नाही. लादी राहिली. आम्ही चौकटीच्या आतल्या बाजूस एक टिपण चिकटविले: कोणते भाग मूळचे, कोणते नंतरचे, आणि टोकाची लादी कडप्प्याची असून ती गावातील पाथरवटाने घडविली. त्याचे नाव कोणासच आठवले नाही, ही खंत मात्र राहिली.

जीर्णोद्धाराविषयी आम्हांस जे काही कळले त्याचे सार या प्रसंगात आहे. वस्तू नवी करणे हा जीर्णोद्धार नव्हे. तिच्या आयुष्यात जे जे घडले ते वाचता येईल अशा स्थितीत तिला पुन्हा कामास लावणे, हा जीर्णोद्धार होय.

कामाची रीत

टेबल उलगडण्यापूर्वी प्रत्येक भागावर खडूने क्रमांक घालावा व छायाचित्र घ्यावे. लाद्या उभ्या धराव्यात, आडव्या कधीही उचलू नयेत; आडवी लादी स्वतःच्याच भाराने तुटते. चौकट पाणसळीवर आणल्याखेरीज दगड चढवू नये, कारण खालचा दोष वर दुरुस्त होत नाही. लाद्या चढल्यावर सांधे मेणाने किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसने भरून घासावेत. मग चेंडू अगदी हळू सोडून पाहावा. जोराचा चेंडू खोटे बोलतो. मंद चेंडू उतार लपवीत नाही.

कडांचे रबर अंगठ्याने दाबून पाहावे. कठीण किंवा भुसभुशीत झाले असेल तर बदलावेच लागते. येथे जुन्याचा मोह ठेवू नये, कारण रबर हे टेबलाचे स्नायू आहेत, आणि निर्जीव कडांचे टेबल म्हणजे निव्वळ शोभेची वस्तू. मात्र नव्या रबराची उंची चेंडूच्या मापाशी जुळली पाहिजे. स्नूकरचा चेंडू साडेबावन्न मिलिमीटरांचा. त्याच्या मध्याहून कडेचे ओठ किंचित वर असावेत. ते खाली आले तर चेंडू उसळतो. लाकडी पट्टीवरील जुना सरस वाफेने सोडवावा, पटाशीने खरवडू नये.

बनात लोकरीची असते आणि तिला लव असते. ती टेबलाच्या खेळ सुरू करावयाच्या टोकाकडून काळ्या चेंडूच्या टोकाकडे बसली पाहिजे. ब्रश व इस्त्रीही त्याच दिशेने फिरवावी. आपल्या पावसाळ्यात, त्यातही उटीच्या धुक्यात, बनात दमट होते आणि चेंडू संथ होतो. बंद खोलीत टेबल झाकून ठेवण्यापेक्षा हवा खेळती ठेवून रोज ब्रश फिरविणे श्रेयस्कर.

हस्तिदंताविषयी विशेष सावधगिरी हवी. जुने चेंडू हस्तिदंताचे असत. सुळ्याच्या गाभ्यातूनच उत्तम चेंडू निघे, म्हणून एका सुळ्यातून मोजकेच चेंडू मिळत. हवेप्रमाणे ते आटत, वेडेवाकडे होत आणि पुन्हा कातून घ्यावे लागत. या टंचाईमुळेच अमेरिकेत पर्यायी पदार्थासाठी बक्षीस लावण्यात आले आणि जॉन वेस्ली हायट याच्या खटपटीतून १८६९-७० च्या सुमारास सेल्युलॉइड पुढे आले. आज ज्या प्लॅस्टिकने आपली घरे भरली आहेत, त्याच्या पूर्वजांपैकी एकाचा जन्म बिलियर्डच्या चेंडूपायी झाला! काकनकोटच्या रानात हत्तींचे खेडे पाहिलेल्या म्हैसूरकरांना या चेंडूंची खरी किंमत सांगावयास नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंताचा व्यापार पूर्णपणे निषिद्ध झाला आहे. म्हणून तुटलेली पट्टी किंवा हरवलेला चेंडू हस्तिदंताने भरून काढण्याचा विचारही करू नये.

येथे म्हैसूरचे भाग्य असे की, शिसवीत जडावकाम करणारे कारागीर अद्याप या शहरात आहेत. राजवाड्यातील अंबाविलासाची हस्तिदंत जडविलेली शिसवी दारे ज्यांच्या परंपरेने घडविली, त्याच परंपरेतील लोक आता हस्तिदंताऐवजी निरनिराळ्या रंगांचे लाकूड व इतर पदार्थ जडवितात. टेबलाच्या चौकटीचे निखळलेले तुकडे बसविण्यास त्यांच्याहून योग्य हात मिळणे कठीण.

खेळ आणि त्यांचे वारस

जुने खेळ जिवंत ठेवण्याचे दोन दाखले आपल्याजवळ आहेत. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांना पटावरील व पत्त्यांच्या खेळांचे अपार वेड होते. त्यांनी रचलेल्या छद गंजिफ्याच्या एकेका संचात ३६० पर्यंत पाने आहेत, आणि 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथात त्यांनी या खेळांची नोंद करून ठेवली. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांना त्यावर अभ्यास करता आला तो या नोंदींमुळे. तिकडे कोकणात सावंतवाडी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी दशावतारी गंजिफ्याची कला लयास जात असता जुन्या चितारी कारागिरांकडून ती शिकून घेतली आणि राजवाड्यातच कारागिरांना बसवून १२० पानांचे संच पुन्हा घडविले. म्हैसूर आणि सावंतवाडी यांनी जे पत्त्यांसाठी केले, ते टेबलासाठी कोणी करू नये काय?

आणि 'साहेबाचा खेळ' ही समजूत तरी कितपत खरी? पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये जागतिक हौशी बिलियर्ड विजेतेपद पटकाविले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ साली विजेते झाले. पुण्यातच १९८५ साली जन्मलेले आणि बंगळूरमध्ये वाढलेले पंकज अडवाणी यांनी तर बिलियर्ड व स्नूकर या दोन्हींत जागतिक विजेतेपदांची रासच उभी केली. महाराष्ट्रात जन्म आणि कर्नाटकात वाढ, हे वर्णन आपल्या मंडळातील किती घरांना लागू पडते! साहेब गेला, टेबल राहिले, आणि त्यावर खेळणारे आपले झाले.

म्हणून सुज्ञ वाचकांस आमची नम्र विनंती इतकीच. आपल्या किंवा परिचितांच्या जुन्या वाड्यात, बंगल्यात, क्लबात असे एखादे टेबल आढळले, तर भंगारवाल्याला बोलाविण्यापूर्वी खाली वाकून चौकटीचे पोट पाहावे, आकडे वाचावेत आणि जुन्या नोकरमाणसांशी चार शब्द बोलावे. जे कळेल ते कागदावर लिहून टेबलालाच चिकटवून ठेवावे. त्या निलगिरीच्या बंगल्यातील टेबल आता एका शाळेत आहे. मुले त्यावर खेळतात. टोकाच्या लादीवरून चेंडू जातो तेव्हा त्याचा आवाज किंचित वेगळा येतो. कान देऊन ऐकणाऱ्यालाच तो कळतो. तो आवाज त्या पाथरवटाचा आहे, असे आम्ही मुलांना सांगितले आहे.